सालं काढलेला हरभरा

आत्याबाई,

आज मी हरभऱ्याची सालं काढली. वाटीभर दाणे काल संध्याकाळी भिजत घातले होते, सकाळी शिजवले, आणि स्वयंपाकघरात खाली बसून, पुढ्यात परात घेऊन, एकेक दाणा चिमटीत धरून दाबत गेले. दाणा टुणकन पुढं निसटतो आणि पातळ साल बोटांत राहतं. अर्धी परात झाली तेव्हा पाठ अवघडली, तरी उठले नाही. आणि मग एकदम तुमचा आवाज आठवला, "जरा सालं काढून घोटून दे की गं बाई." माझे हात तिथंच थांबले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत सून म्हणून तुमच्या तिथीला मी कधी ताट चुकवलं नाही, तुमच्या फोटोला हार चुकवला नाही, पण तुमच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. म्हणून आज लिहायला घेतलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं हेही मला ठाऊक आहे. त्यामुळंच बहुतेक हात चालतोय.

हा हरभरा तुमच्या लेकासाठी आहे. दिवाळीनंतर त्यांच्या छातीत कळ आली, सोलापूरला नेलं, आणि तिथं काळजाच्या नळीत दोन स्प्रिंगा बसवल्या. आता बरे आहेत, भिऊ नका. सकाळी वेशीपर्यंत चालून येतात. पण डॉक्टरांनी तेल बंद केलं. जवळजवळ बंद म्हणाले होते, आपल्या लेकीनं, तुमच्या नातीनं, ते 'थेंबभर नाही' असं करून टाकलं. ती पुण्याला असते, तिथून फोनवर आमचा स्वयंपाक चालवते. आणि दुसरी गोष्ट अशी की तुमच्या लेकाच्या तोंडात आता दात उरले नाहीत. दाढा मागंच काढल्या होत्या, पुढचे त्यामागून गेले. कवळी करून आणली, पण हिरड्यांना टोचते म्हणून ती वाटीत पाण्यात पडून असते. बिनतेलाचं आणि बिनदातांचं असं रोज काय करायचं, याची मला पंचाईत पडली. वरणभाताला ते कंटाळले. परवा ताट सरकवून म्हणाले, "मी आता गुरासारखं आंबवण खायचं का?" तेव्हा लेकीनं मला हे सांगितलं. त्याला हमस म्हणतात. आपल्याकडचं नाही, अरबांच्या मुलखातलं आहे. तुमचे लेक त्याला हापूस म्हणतात.

"आई, लोक त्यात वरून तेल ओततात. तू ओतायचं नाहीस," लेक म्हणाली. "तेलाशिवायही लोण्यासारखं होतं. फक्त दाणा अगदी गाळ शिजला पाहिजे आणि सालं निघाली पाहिजेत."

"एवढ्याची सालं? एकेक?"

"एकेक. सालंच खरखर करतात."

मग तिनं सगळं सांगितलं. काबुली हरभरा घ्यायचा, पांढरा, टपोरा. भिजवलेलं पाणी फेकून नवं घालायचं, चिमूटभर खायचा सोडा टाकायचा, कुकरच्या सात शिट्ट्या. बोटात धरला तर पीठ व्हावं असा. शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, गाळून गार करायचं. मी म्हणाले, "म्हणजे येळवणी." ती म्हणाली, "हां, तेच." तीळ मंद आचेवर भाजायचे, तांबूस व्हायच्या आत उतरवायचे आणि मिक्सरमध्ये कोरडेच फिरवत राहायचे. आधी पीठ होतं, मग ओलसर गोळा होतो, मग तिळाला आपलं आपण तेल सुटतं आणि चटणी सैल होते. त्यात लिंबू, लसणाची एक पाकळी, जिरं, मीठ. मग गरम गरम हरभरा घालून फिरवायचं आणि गार येळवणी चमच्या-चमच्यानं सोडत जायची. थांबायचं नाही. आपल्याला वाटतं झालं, तेव्हा अजून झालेलं नसतं. अजून तितकाच वेळ फिरवायचं, मग त्याचा रंग फिका होतो आणि ते फुगून हलकं होतं. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे तर पुरणच आहे, यात नवं काय.

पुरण मला तुम्ही शिकवलं. लग्नानंतरची माझी पहिली होळी. मी एकोणीस वर्षांची. माझ्या हातचं पुरण तुम्ही चिमटीत घेतलं, अंगठा आणि बोटाच्या मधे चोळलं आणि म्हणालात, "कण लागतोय." घरात शेजारच्या चारदोन बायका पोळ्या लाटायला आल्या होत्या. माझी आई आली होती, ती चुलीपुढं बसलेली. तुम्ही सगळं पुरण परत पुरणयंत्रात ओतलंत आणि मूठ माझ्या हातात दिलीत. "फिरीव. पुरणात कण ठिवला तर पोळी फुटंल, आन चार बायकांत नाव बी फुटंल." बायका हसल्या. माझी आई हसली नाही, ती चुलीकडं बघत राहिली. मी दोन वेळा सगळं पुरण काढलं, मनगटं भरून आली. तुमच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं हे मला आता कळतं. तुम्हाला तुमच्या सासूनं तसंच शिकवलं असणार. शिवाय त्या वर्षीची पोळी अशी झाली की आई माहेरी जाऊन लोकांना सांगत होती. पण मी पोळी विसरले आणि ते हसणं जपून ठेवलं. वीस वर्षं जपलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तुमचे दात एकेक करून गेले. मिश्रीनं काळे झालेले, हलणारे दात. शेवटचा पुढचा दात तुम्ही स्वतःच दोरा बांधून ओढलात आणि ओट्यावर बसून हसलात. "घ्या, आता मी परत लेकरू झाले." तेव्हा मला अंगणवाडी लागून सात-आठ वर्षं झाली होती. तुमचे लेक साखर कारखान्यात होते, तिथल्याच खोलीवर राहायचे, आठवड्याची सुट्टी मिळाली की बेंबळीला यायचे, गाळपाच्या दिवसांत तेही नाही. म्हणजे घरात तुम्ही, मी आणि लेक. लेक शाळेत. सगळा कारभार माझ्या हातात आलेला. तुम्ही तो हळूच सोडून दिला होता, डब्यांच्या जागा बदलल्या तरी बोलला नाहीत. मला वाटायचं, थकल्या. आता वाटतं, तुम्ही माझ्यावर टाकून निर्धास्त झाला होतात.

ती सकाळ मला स्वच्छ दिसते. मी चुलीपाशी उसळ करतेय, तांबड्या हरभऱ्याची, आपल्याच रानातला हरभरा. तुम्ही दाराच्या चौकटीला धरून उभ्या आहात.

"बाई, दाणा चावंना मला. जरा सालं काढून घोटून दे की. मीठजिऱ्याचं नुसतं असलं तरी चालंल."

"आत्याबाई, मला अंगणवाडी उघडायची असती. एकेक दाणा सोलत बसू का आता?"

"बरं बरं. उद्या दे मग."

"उद्या बी अंगणवाडी हायच की."

तुम्ही हसलात. मी थट्टा केली असं तुम्हाला वाटलं असेल. दोन दिवसांनी तुम्ही पुन्हा मागितलंत, मी ऐकू आलं नाही असं केलं. तिसऱ्यांदा मागितलंत तेव्हा मी पळीसकट मागं वळले. "दात बसवून घ्या, न्हायतर भाकरी पाण्यात बुडवून खावा. मी एका तोंडासाठी येगळा सैपाक करणार न्हाय." तुम्ही दारातून हळूच मागं सरलात, जणू चुकून दुसऱ्याच्या घरात आला होतात. त्यानंतर तुम्ही कधीच काही मागितलं नाही. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, जिरली.

पुढं तुम्ही तसंच केलंत, मी सांगितलं तसं. भाकरी चुरून पाण्यात भिजवायची, वर मीठ, कधी आमटीचं वरचं पाणी. ते ताट घेऊन तुम्ही मागच्या पडवीत, भिंतीकडं तोंड करून बसायचात. मी तुम्हाला उपाशी ठेवलं नाही, असं मी मनाला सांगत आले. ताट मी रोज वाढत होते, त्यात भाजी असायची, उसळ असायची, भाकरी असायची. त्यातलं तुमच्या पोटात काय गेलं हे मी बघत नव्हते. तुमची उसळ कोंबड्या खायच्या. कोंबड्या धष्टपुष्ट झाल्या होत्या. शेजारणी विचारायच्या, काय घालतीस गं कोंबड्यांना?

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला माहीतच आहे, पण मी ते माझ्या तोंडानं कधी बोलले नाही. अंगणवाडीत त्या दिवशी आयांना बोलावलं होतं. सहा महिन्यांवरच्या लेकरांना वरचं काय आणि कसं भरवायचं ते करून दाखवायचं होतं, आणि ते बघायला तालुक्याहून पर्यवेक्षिका मॅडम आल्या होत्या. मी आदल्या दिवशीपासून तयारी केली होती. हरभरा भिजवला, मोड आणले, शिजवला. आणि पंधरा-वीस आयांसमोर बसून मी एकेक दाण्याचं साल काढलं, आत्याबाई. सालं काढली, दगडी खलात घोटलं, गूळ घातला, वाटीत काढून चमच्यानं उचलून दाखवलं. "बघा, असं पाहिजे. कण लागता कामा न्हाय. लेकराला दात नसत्यात, त्याच्या तोंडात दाणा गेला तर ते थुकून टाकतंय आन आपण म्हणतो पोराला भूकच न्हाय." मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मान हलवली. सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मला फार बरं वाटत होतं.

आणि दारात तुम्ही. कधी आलात कळलं नाही. गुळाचा वास रस्त्यापर्यंत गेला असेल, किंवा देवळातून परतताना तुम्ही सहज डोकावला असाल. काठी टेकून उभ्या होतात आणि बघत होतात. माझ्याकडं नाही, वाटीकडं. मग दोन पावलं आत आलात, आयांच्या शेवटच्या ओळीमागं हळूच बसलात आणि वाट्या वाटत मी तिथवर आले तेव्हा तुम्ही हात पुढं केलात. ओंजळ नाही, एकच हात, पसरलेला, प्रसादाला करतात तसा.

"आत्याबाई, हे लेकरांचं हाय," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सरकारी माल हाय. तुमी घरी जावा."

कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला बी सहावा म्हैना लागला वाटतं." आणि हशा झाला. मॅडमसुद्धा हसल्या. मीही हसले. तुम्ही हात पदराखाली घेतलात आणि उठायला लागलात. उठता येईना. शेवटच्या ओळीतल्या एका तरण्या आईनं तुम्हाला बगलेत धरून उभं केलं. हसत नव्हती ती एकटीच. माझ्या आईसारखीच ती कुठंतरी दुसरीकडं बघत होती. मी तुम्हाला जाताना पाहिलं, आणि पुढची वाटी भरली. टोपात उरलं होतं. चांगलं चार वाट्या उरलं होतं. सगळे गेल्यावर मदतनीस बाईनं विचारलं, "घरी नेता का ताई?" मी म्हणाले, "नको, तूच ने." घरी आले तर तुम्ही पडवीत भाकरी भिजवत होतात. तुम्ही ते कधी लेकाला सांगितलं नाहीत, गावात कुणाला सांगितलं नाहीत. तुमच्या सांगण्याची मी वाट बघत होते, भांडायला उत्तरं तयार ठेवली होती. ती तशीच राहिली.

नंतर एकदा मी दुपारी लवकर घरी आले. मागच्या पडवीत ठक ठक आवाज येत होता. तुम्ही फतकल घालून बसला होतात, पुढं खल, आणि तुमच्या त्या काटकुळ्या हातांनी बत्ता उचलून उसळीतले दाणे कुटत होतात. बत्ता तुम्हाला पेलत नव्हता. निम्मे दाणे खाली उडालेले. मला बघितलं आणि तुम्ही घाईघाईनं खलावर पदर टाकलात.

"कुटत न्हवते गं. खल धुवत होते, लई दिवस झाले धुतला न्हवता."

आत्याबाई, ज्या बाईनं भरल्या घरात माझं पुरण परत यंत्रात ओतलं, ती बाई मला भ्यायली होती. तुमच्या डोळ्यांत मी ते बघितलं. त्या क्षणी खाली बसावं, तुमच्या हातातून बत्ता घ्यावा, एवढंच करायचं होतं. मी खल उचलला, त्यातलं कोंबड्यांपुढं टाकलं, आणि खल वरच्या फळीवर ठेवला. तुमचा हात पुरणार नाही अशा फळीवर. "पायावर पडंल एखाद्या वेळंस," असं म्हणाले. काळजीच्या सुरात म्हणाले. तुम्ही मान हलवलीत, "व्हय, पडंल खरं."

लोकांना मी सांगत आले, नोकरी होती, पोर होती, रान होतं, वेळ पुरत नव्हता. मूठभर दाण्यांची सालं काढायला किती वेळ लागतो ते मी आज घड्याळ लावून बघितलं. तेवढा वेळ रोज होता. मी तो शेजारणीशी ओट्यावर बोलण्यात घालवत होते. वेळेचा प्रश्न नव्हता. तुम्ही मागावं आणि मी नाही म्हणावं, यात मला सुख होतं. तुम्ही मागायचं बंद केलंत तेव्हा ते सुखही गेलं, पण तोवर मला मागं फिरायचा रस्ता दिसत नव्हता. न मागणाऱ्या माणसाला आपण होऊन कसं द्यायचं, ते मला जमलं नाही. दिलं असतं तर आधी दिलं नव्हतं हे कबूल करावं लागलं असतं.

त्या थंडीत तुम्ही खंगलात. तुमचे लेक सुट्टीला आले, तुम्हाला बघून घाबरले आणि दुसऱ्याच दिवशी धाराशिवला डॉक्टरकडं घेऊन गेले. मीही होते. डॉक्टरांनी दंडाची कातडी चिमटीत धरून बघितली आणि विचारलं, "काय काय खातात या? अंगात काही उरलंच नाही." मी खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलं. तुम्ही बोललात. "सून समदं करून देती, सायेब. मलाच जात न्हाय." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, आणि लिहिलं. बाहेर आल्यावर तुमचे लेक तुमच्यावर चिडले. "ती एवढं करती आन तू खात न्हाईस व्हय गं आई?" तुम्ही त्यांचं बोलणं ऐकून घेतलंत. परतीच्या वाटेवर जीपमध्ये तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. वळणावर तुमचा हलका देह माझ्यावर कलंडायचा आणि तुम्ही दर वेळी "चुकलं बाई" म्हणायचात.

घरी आल्यावर मी हरभरा सोलला. फळीवरून खल काढला, घोटून घोटून गंध केलं, गूळ घातला, थोडं दूध घातलं. तुमच्या उशाशी बसून चमच्यानं भरवलं. तुमचे लेक रजा काढून राहिले होते, ते दारात उभे राहून बघत होते. तुम्ही दोन चमचे घेतलेत, तिसऱ्याला तोंड मिटलंत. माझ्या मनगटावर हात ठेवलात. "आता कशाला तरास घेतलास गं एवढा." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला सोसला असता. पाच दिवसांनी छातीत कफ धरला आणि तुम्ही गेलात. तो कफ कुणालाही झाला असता, थंडी तशीच पडली होती, गावात बरेच जण आजारी होते. पण कफ सोसायला अंगात काहीतरी लागतं, हे मी आयांना दर महिन्याला सांगते, तेव्हा ते मला कळत नाही असं नाही.

तेराव्याला पै-पाहुण्यांच्या पुढं तुमचे लेक रडत बोलले. "हिनं माझ्या आईला लेकरासारखं घोटून चारलं. मी कारखान्यावर पडून होतो, हिनं सगळं केलं." त्यांनी दोन चमचे बघितले होते, आणि त्या दोन चमच्यांवरून त्यांनी माझी सगळी वर्षं भरून काढली. माकणीहून तुमची धाकटी बहीण आली होती. तिनं येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. मी खाली मान घालून बसले. लोकांना वाटलं, दुःख आहे. तेव्हापासून मी या गावात सासूची सेवा केलेली सून आहे. नव्या सुनांना माझं उदाहरण देतात. अंगणवाडीत कुणाची सासू-सून भांडण घेऊन आली की म्हणतात, ताईंना विचारा. आणि मी समजावते. चांगलं समजावते, आत्याबाई. त्यांच्यात समेट होतात.

आज ते हमस झालं. दोन वेळा फिरवूनही मला खरखर लागत होती म्हणून तिसऱ्यांदा फिरवलं, चिमटीत घेऊन चोळून बघितलं. थंड येळवणी घातली तसं ते पांढरं आणि हलकं होत गेलं, मिक्सरचं झाकण काढलं तर सायीसारखं दिसलं. वरून तेल एक थेंब नाही. वाटीत काढून वर जिरेपूड भुरभुरली आणि ओट्यावर नेऊन दिलं. तुमचे लेक खुर्चीत उन्हाला बसले होते. बोटानं घेऊन तोंडात घातलं. त्यांचा चेहरा तुमच्यासारखा झालाय आता, दात गेल्यापासून गाल तसेच आत गेलेत आणि हनुवटी वर आलीय. बराच वेळ ते जिभेनं घोळवत राहिले. मग म्हणाले, "अगं, हे तर आईला चारायचीस तसलंच की." मी उभीच होते. "व्हय का न्हाय? तिला रोज करून द्यायचीस न्हाय का हे?"

त्यांनी इतकं सरळ कधी विचारलं नव्हतं. आजवर तेच सांगायचे, मी फक्त गप्प राहायची, आणि गप्प राहणं हे खोटं बोलणं नव्हे असं मी धरून चालले होते. आज त्यांनी विचारलं आणि उत्तरासाठी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"व्हय," मी म्हणाले. "रोज."

त्यांचे डोळे भरून आले. मान खाली घालून त्यांनी वाटी पुसून खाल्ली आणि अजून दोन चमचे मागितले. ते वाढून मी आत आले आणि हे लिहायला बसले. लिहून झालं की कागद त्यांच्या हातात द्यायचा, असं पहिल्या ओळीपासून ठरवलं होतं. आता लिहून झालंय. ते बाहेर ओट्यावरच आहेत, शेजाऱ्याला सांगतायत, ऐकू येतंय मला, आईचं हिनं किती केलं आणि आता माझं किती करती. दहा पावलांवर आहेत. मी काही उठत नाही, आत्याबाई. त्यांच्या तोंडून माझं चांगलं ऐकायची मला सवय झालीय, आणि या वयात ती सुटेल असं वाटत नाही.